प्रागला गेलेली सेलूची इंग्रजी

यशवंता, जलदान विधीच्या दिवशी तुझ्याबद्दल बोलायला जे जे उठले, त्यातल्या निम्म्यांनी तुला मितभाषी म्हटलं. मी मागच्या रांगेत बसलो होतो आणि मला हसू आवरेना. शीलावहिनींनी माझ्याकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला, आणि बायकांना वाटलं की त्यांना पुन्हा रडू फुटलं. लोकांना हायस्कूलमधले इंग्रजीचे सर माहीत होते. माझ्या कृषी केंद्राचं शटर पडलं की सेलूच्या बसस्टँडसमोर चहाच्या टपरीवर येऊन माझं डोकं खाणारा माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता.

तू गेलास त्याला अजून महिना व्हायचा आहे. मी टपरीवर जातो, चहा घेतो आणि भांडायला कोणी नाही म्हणून लवकर घरी येतो. बायको विचारते, बरं वाटत नाही का. इतकी वर्षं ज्याच्यावर चिडत होतो, त्याची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे. तुझी इंग्रजी प्रागला चालली की नाही, हे ते भांडण. त्याच्यात काहीतरी नवं घडलं आहे, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण आधी सगळं सुरुवातीपासून सांगतो, कारण तू दर वेळी तुला सोयीचं तेवढंच सांगायचास.

तुझी लेक प्रज्ञा तिकडे, प्रागला शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. तिने तुम्हा दोघांना बोलावलं. शीलावहिनींनी साफ सांगितलं की पायाखाली जमीन नाही तिथे मी बसत नाही. मग तू माझ्या मागे लागलास. मी दुकानाचं कारण पुढे केलं, गुडघ्याचं केलं, थंडीचं केलं. तू म्हणालास, "दुकान कुठी पळून नाई जात, शेठ. आपुन दोघं मात्र कवा जाऊ, काई सांगता येत नाई." मग मी माकडटोपी विकत घेतली आणि आलो.

पहिल्या रविवारी प्रज्ञाने आपल्याला किल्ला दाखवला, पूल दाखवला, चौकातलं ते जुनं घड्याळ दाखवलं. सोमवारी तिचं ऑफिस सुरू झालं. तिने आपल्या हातात ट्रामचा पास आणि घराची किल्ली दिली आणि साठी ओलांडलेले दोन म्हातारे त्या शहरात मोकळे सुटले. मला तेवढ्यावर आनंद होता. ट्राममध्ये बसावं, शेवटच्या स्टॉपपर्यंत जावं, तसंच परत यावं. तुला ते पटेना. तुला गाईड पाहिजे होता, आणि तोही इंग्रजी बोलणारा.

प्रज्ञाने मोबाईलवर भाव दाखवले. आपल्या दोघांपुरता गाईड करायचा तर तो जे मागत होता ते ऐकून मी विचारलं की हा माणूस किल्ला दाखवतो की नावावर करून देतो. मग एक उघडी बस निघाली. तिच्यात कानाला लावायची डबी होती आणि त्या डबीत कितीतरी भाषा होत्या, चक्क हिंदीसुद्धा. माझं मत हिंदीला पडलं. अर्धं नागपूर हिंदी बोलतं, माझे निम्मे डीलर हिंदी बोलतात, मला ती पुरते. तू प्रज्ञासमोर हात झटकलेस आणि म्हणालास, "त्या डब्बीले सवाल कसा पुसू मी?"

तेव्हा मला वाटलं की तुझा हा मास्तरकीचा किडा वळवळतो आहे. सगळी नोकरी तू पोरांना सांगत आलास की समजलं नाही तर हात वर करा, आणि पोरं कधी हात वर करत नव्हती. म्हटलं, आता हा स्वतःच हात वर करायला निघाला आहे.

मग प्रज्ञाने फुकटच्या टूरचं सांगितलं. चौकात रंगीत छत्री घेऊन पोरं उभी असतात, त्यांच्यामागे दोन-अडीच तास चालायचं आणि शेवटी मनाला येईल ते हातावर ठेवायचं. तू खूश झालास. मला मात्र शंका आली. फवारणीच्या औषधाच्या कंपन्या शेतकऱ्यांचा मेळावा घेतात, टोपी देतात, जेवण देतात, आणि जिलेबी पोटात गेली की बाटली पुढे करतात, हे मी जन्मभर पाहिलं आहे. बाटली पुढे करणाऱ्यांत मीही असतो. म्हटलं, फुकट आहे तर कुठेतरी बाटली असणार.

बाटली निघाली नाही, पण दुसरंच झालं. लाल छत्रीवाला पोरगा ऑस्ट्रेलियाचा होता. चांगला होता बिचारा, हसरा होता. पण तो बोलायला लागला तसा मी तुझ्या तोंडाकडे पाहू लागलो, कारण मला तू मराठीत सांगणार असं ठरलं होतं. तू काही सांगेनास. तो काहीतरी म्हणायचा, सगळे हसायचे, आणि तू सगळ्यांच्या नंतर हसायचास. एका चर्चसमोर तू हात वर केलास. अगदी शाळेतल्यासारखा, कोपर सरळ करून. तुझा प्रश्न झाला. तो पोरगा वाकून म्हणाला, सॉरी? तू पुन्हा विचारलंस. पुन्हा सॉरी. तिसऱ्या वेळी त्याने मान हलवली, भलतंच काहीतरी उत्तर दिलं असावं, कारण तुझा चेहरा पडला, आणि तो छत्री उंच करून पुढे निघाला. पुढच्या वळणावर तू माझा कोट ओढलास आणि आपण घोळक्यातून बाहेर पडलो.

नदीकाठच्या बाकावर आपण बसलो. शीलावहिनींनी दिलेला चिवडा मी काढला. तू हात लावला नाहीस. मी दोन-तीन चेष्टा करून पाहिल्या, त्याही वाया गेल्या. मग तू बोललास, आणि ते बोलणं मी कधी टपरीवर कोणाला सांगितलं नाही.

तू म्हणालास, "शेठ, मले इंग्रजी कोनं शिकवली? कोनीच नाई. पुस्तकातून शिकलो, अन् पुस्तकातून शिकवली. इंग्रजी बोलनारा मानूस मी आजवर समोरून पाह्यलाच नव्हता. माही इंग्रजी जर इथं चालत नसंन, तं इतके वर्सं पोट्ट्यायले मी काय शिकवून राह्यलो होतो?"

चेष्टा कुठे थांबवायची हे मला सहसा कळत नाही, पण त्या दिवशी कळलं. तुझ्या हातून गेलेली पोरं मलाही माहीत होती. केळझरकडची, शेतातून चिखलाचे पाय घेऊन येणारी, वस्तीतली, बाजारातली. कोणी नागपूरला गेलं, कोणी पुण्याला, कोणी त्याच्याही पुढे. त्या सगळ्यांच्या तोंडी तू दिलेली इंग्रजी होती, आणि तू त्या बाकावर बसून विचार करत होतास की आपण त्यांना खोटं नाणं तर दिलं नाही.

संध्याकाळी तू प्रज्ञाला म्हणालास की टूर छान झाली. मी चिवडा खात बसलो.

दुसऱ्या दिवसापासून गाईड शोधायचं काम मी माझ्याकडे घेतलं. तुला इतिहास कळतो, मला बाजार कळतो. ज्याला खरंच स्वस्त विकायचं असतं तो चौकात छत्री घेऊन उभा राहत नाही, तो गल्लीत बसतो, आणि गल्लीची बातमी किराणा दुकानात मिळते. प्रज्ञाच्या बिल्डिंगखाली एका व्हिएतनामी माणसाचं दुकान होतं. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची येत नव्हती, पण दुकानदाराला दुकानदार कळतो. मी आधी दोन केळी घेतली, मग त्याच्या मांडणीची तारीफ केली, हातानेच. मग बोटांनी चालून दाखवलं, तोंडाजवळ हात नेऊन बडबड करून दाखवली आणि म्हटलं, इंग्लिश. त्याने मला दारापाशी नेऊन काचेवर चिकटवलेला एक कागद दाखवला. मी मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढला. प्रज्ञाने वाचला आणि म्हणाली की मोहल्ल्यातल्या वाचनालयातर्फे दर गुरुवारी इंग्रजीतून फेरफटका असतो, चहाच्या भावात. तू विचारलंस की हे तुला कसं सापडलं. मी म्हटलं, धंद्याचं गुपित आहे, आणि जेवायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

गुरुवारी आपण गेलो तेव्हा तिथे परदेशी असे आपण दोघंच होतो. बाकी सगळी तिथलीच पेन्शनर मंडळी, लोकरी टोप्या घातलेली. तो फेरफटका मुळात पाहुण्यांसाठी नव्हताच. त्या म्हाताऱ्या लोकांना इंग्रजी बोलायची सवय व्हावी म्हणून तो होता. तू परत फिरायला निघाला होतास. तेवढ्यात फेरफटका नेणाऱ्या हानाबाई आल्या. उंच, सडपातळ, हातात काठी, आपल्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्यांनी आपल्याकडे पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली.

यशवंता, तुझा तो चेहरा मला अजून दिसतो. त्या बाई एक वाक्य पूर्ण करायच्या, थांबायच्या, मग दुसरं घ्यायच्या. मलासुद्धा मधूनमधून शब्द सापडत होते. तू पहिल्याच कोपऱ्यावर माझ्याकडे वळलास आणि सांगायला लागलास, आणि मग थांबलाच नाहीस. त्यांनी राजवाडा दाखवला नाही. शाळा दाखवली, शाळेचा कोळसा ठेवायची कोठी दाखवली, पूर्वी पावासाठी रांग लागायची ते दुकान दाखवलं, आपला नवरा ज्या कट्ट्यावर त्यांची वाट पाहायचा तो कट्टा दाखवला. शहर असंही दाखवता येतं हे मला माहीत नव्हतं. मी आपला गुडघा विसरलो.

शाळेसमोर तू हात वर केलास. मी मनातल्या मनात म्हटलं, नको रे बाबा. पण तू विचारलंस की बाई, तुम्हाला इंग्रजी कोणी शिकवली. त्यांनी सॉरी म्हटलं नाही. त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली आणि सांगितलं की कोणीच नाही. त्या रशियन शिकवायच्या. मग देशातलं राज्य बदललं, रशियन कोणाला नको झाली आणि शाळेने सांगितलं की पुढच्या वर्षापासून इंग्रजी शिकवा. मग काय, आज धडा स्वतः शिकायचा आणि उद्या पोरांना शिकवायचा. पोरांच्या फक्त एक धडा पुढे, अशी पुढची सगळी नोकरी काढली. तू ते मला मराठीत सांगत होतास आणि मध्येच त्यांच्याकडे वळलास. मग तू त्यांना तुझं सांगितलंस. तुम्ही दोघं त्या फाटकासमोर उभे राहून असे हसलात की बाकीचे पेन्शनर एकमेकांकडे पाहायला लागले. मला अर्धंच कळलं होतं, पण मीही हसलो, कारण तू किती दिवसांनी असा हसत होतास.

आणि मग तू ते केलंस. फेरफटका वाचनालयाच्या पायऱ्यांशी संपला. मंडळी पांगायला लागली. आपल्याकडे गॅदरिंग असो की पाणीटंचाईची बैठक, आभार मानल्याशिवाय कोणी खुर्ची सोडत नाही, आणि आभार मानायला सेलूत कोणाला उभं करतात हे सगळ्यांना माहीत आहे. तू दोन पायऱ्या चढलास, घसा साफ केलास आणि आभार प्रदर्शन सुरू केलंस. इंग्रजीत. हानाबाईंचे आभार. ज्येष्ठ नागरिकांचे आभार. व्हिएतनामी दुकानदाराचे आभार. पाऊस आला नाही म्हणून त्याचे आभार. इथपर्यंत ठीक होतं. पण तोंडाला वळण पडलेलं, तू त्याच ओघात मंडपवाल्याचे आणि माईकवाल्याचेही आभार मानलेस. ते म्हातारे मंडप कुठे आहे म्हणून मागे वळून पाहायला लागले.

माझी हसून पुरेवाट झाली होती, तेवढ्यात तू मला वर बोलावलंस. सत्काराशिवाय आभार कसे पुरे होतील. तू माझ्या गळ्यातला दुपट्टा काढलास, वर्ध्याहून नवाकोरा घेतलेला, आणि हानाबाईंच्या गळ्यात घातलास. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी टोपी काढून तुझा हात हातात घेतला. प्रज्ञा नंतर म्हणाली की त्यांना बहुतेक तू कोणी मंत्री वाटला असशील. हानाबाईंनी तो दुपट्टा डोक्यावरून कानांपर्यंत गुंडाळून घेतला आणि तशाच ट्राममध्ये चढून गेल्या. मी परत येईपर्यंत मफलर म्हणून प्रज्ञाची ओढणी वापरली.

त्या रात्री तू जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्यास. आणि मी, नेहमीप्रमाणे, तोंड उघडलं. म्हटलं, मास्तर, हा निकाल धरता येत नाही. ती बी मास्तरीन, तू बी मास्तर. तिची इंग्रजी पुस्तकातली, तुझीही पुस्तकातली. अस्सल इंग्रजीवाला तो छत्रीचा पोरगा, आणि त्याला काही समजलं नव्हतं. सबब निकाल राखीव.

तेव्हापासून आपण हे भांडलो. टपरीवर, वर्ध्याला जाणाऱ्या एसटीत, केळझरच्या गणपतीला मी नारळ फोडत असताना. तू मंदिराबाहेर चपला सांभाळत उभा असायचास आणि मी बाहेर आलो की तिथूनच पुढे सुरू करायचास. तुझं म्हणणं असायचं, "जगात असल इंग्रज किती, अन् आपल्यासारखे पुस्तकवाले किती? मोजून पाह्य. जास्त लोकायची इंग्रजी तेच खरी इंग्रजी." मी म्हणायचो, निकाल राखीव. तू चिडायचास. मला ते चिडणं आवडायचं, म्हणून मीही सोडत नव्हतो. पण एक मला तुझं कळत होतं. तू हसून वाद घालायचास, तरी नदीकाठचा तो प्रश्न तुझ्यात कुठेतरी जागा होताच. हानाबाईंनी तुला आनंद दिला. खात्री दिली नाही.

आता नवं काय ते सांगतो.

विधीच्या दिवशी त्रिशरण-पंचशील झालं, भाषणं सुरू झाली, आणि मितभाषी ऐकून मला हसू यायला लागलं म्हणून मी उठून बाहेर मोटरसायकली लावल्या होत्या तिकडे गेलो. तिथे एक पोरगी फोनवर बोलत होती. पांढरी साडी, कोपऱ्यात उभी. इंग्रजीत बोलत होती. मला इंग्रजी येत नाही हे तुला माहीत आहे. पण माझ्या गोदामाची भिंत तुझ्या वर्गाच्या खिडकीला लागून होती, आणि बियाण्याच्या थैल्या मोजता मोजता मी तुझी इंग्रजी वर्षानुवर्षं ऐकली आहे. अर्थ नाही, चाल. वाक्य पूर्ण करायचं, हनुवटी थोडी वर उचलायची, आणि मगच पुढचं वाक्य. ती पोरगी तशीच बोलत होती. हनुवटीसकट. यशवंता, क्षणभर वाटलं की तूच आत वर्ग घेतो आहेस.

तिचा फोन झाला तसा मी तिला विचारलं, कोणाची तू. मनीषा नाव. केळझरच्या पलीकडच्या खेड्यातली, आईबाप शेती करतात. तुझ्या हाताखाली पाचवीपासून दहावीपर्यंत. आता आयर्लंडला दवाखान्यात नर्स आहे, सुटीवर आली आणि ही बातमी कळली. फोन तिथल्या वॉर्डातून होता, तिच्या एका म्हाताऱ्या पेशंटला तिच्याशीच बोलायचं होतं म्हणून.

आयर्लंड म्हणजे घरची इंग्रजी. तुझ्या-माझ्या भांडणातली अस्सल इंग्रजी. मी विचारलंच. म्हटलं, पोरी, खरं सांगजो. तिथं तुले त्यायचं बोलनं समजत होतं का?

ती हसली. म्हणाली, "सुरवातीले काईच नाई समजे, काका. रडू ये मले."

वाटलं, नसतं विचारलं तर बरं होतं. मग ती दारातून दिसणाऱ्या तुझ्या हार घातलेल्या फोटोकडे पाहत म्हणाली, "पन माहं बोलनं त्यायले पह्यल्या दिवसापासून समजे. कोनी मले दुसऱ्यांदा पुसलंच नाई."

निकाल लागला, मास्तर. मी हरलो.